जुन्या बेल्जियन फुटबॉल डिफेंडरचं करिअर कसं शोधायचं

फॉरवर्डचं बरं असतं, गोल मोजले की निम्मं काम झालं. डिफेंडरच्या नावापुढे गोलच नसतात, म्हणून दोन महायुद्धांच्या मधला बेल्जियमचा कुठलाही बॅक (म्हणजे डिफेंडर) शोधायचा तर सुरुवात पेपरात छापलेल्या टीमपासून करा.

त्या काळी पोझिशन लिहायचे नाहीत, नुसती आडनावं, पण क्रम ठरलेला. आधी गोलकीपर, मग दोन बॅक, तीन हाफबॅक (म्हणजे मधल्या फळीतले) आणि शेवटी पाच फॉरवर्ड. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकची फायनल बघा: डे बी, स्वार्टेनब्रुक्स, व्हरबेक, मुश, हान्स, फिरेन्स आणि पुढे पाच जण. म्हणजे दुसरं आणि तिसरं नाव आपल्या कामाचं. (हाफबॅकमध्ये 'बॅक' आहे म्हणून मुशला डिफेंडर करून टाकू नका, मी केला होता.)

आता आर्मां स्वार्टेनब्रुक्सच धरू. जन्म 1892, बेल्जियमकडून पहिली मॅच 1913 ला आणि शेवटची थेट 1928 ला, क्लब ब्रसेल्सचा डेअरिंग. मधे 1914 ते 1919 रिकामं दिसेल, ती दुखापत नाही, युद्ध चालू होतं आणि लीगच बंद होती.

क्लबची नावं डोकं फिरवतात, एकाच गावाला फ्रेंचमध्ये मालीन आणि डचमध्ये मेखेलेन, वर क्लब एकमेकांत विलीन होतात ते वेगळंच. म्हणून मात्रिक्यूल नंबर धरा, 1926 पासून प्रत्येक क्लबला मिळालेला रजिस्टर नंबर, डेअरिंगचा 2, युनियन सँ-जिल्वाजचा 10.

पेपरांसाठी बेल्जिकाप्रेस ही जुन्या बेल्जियन पेपरांची साइट आहेच, पण नेदरलँड्सची तशीच साइट डेल्फरही उघडा, कारण हे दोन शेजारी दरवर्षी एकमेकांशी खेळायचे आणि डच पेपर बेल्जियन बॅकबद्दलही लिहायचे. आडनाव 'सी' घालून आणि न घालून (Swartenbroecks, Swartenbroeks), दोन्ही स्पेलिंगने टाका, नाहीतर अर्ध्या मॅच हातच्या जातात.

खेळाडू चांगला होता का हे निव्वळ स्कोअरवरून ठरवू नका हं. 1920 ची फायनल बेल्जियमने 2-0 जिंकली, पण झेकोस्लोव्हाकियाची टीम रेफरीवर चिडून हाफटाइमच्या आधीच मैदान सोडून गेली, तर त्या क्लीन शीटला (एकही गोल न खाण्याला) किती भाव द्यायचा ते तुम्हीच बघा. शिवाय 1925 ला ऑफसाइडचा नियम बदलला, फॉरवर्डच्या पुढे तीनऐवजी दोनच विरोधी खेळाडू असले तरी चालायला लागलं आणि बॅकचं काम एकदम अवघड झालं. त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे वेगळे ठेवा.

बूट काढल्यानंतरचं आयुष्य स्पोर्ट्स पेजवर सापडत नाही. स्वार्टेनब्रुक्स डॉक्टर होता आणि पुढे ब्रसेल्समधल्या कूकेलबर्गचा महापौर झाला, तेव्हा तिथून पुढे शोध नगरपालिकेच्या बातम्यांत घ्यायचा.