रविवारी घरी कोल्हापुरी मिसळ कशी करायची (आणि शनिवारी ती बाहेर कशी खायची)

कोल्हापुरात मिसळीवरून भांडायला निमित्त लागत नाही. उद्यमनगरातली फडतरे भारी, की कसबा बावड्याची बावडा मिसळ, की खासबागची, यावर एकाच घरात तीन पार्ट्या पडतात. मला विचाराल तर मिसळ फरसाणावर ठरत नाही आणि मटकीवर तर अजिबात नाही, ठरते ती कटावर, म्हणजे वरून ओतायच्या तिखट रश्श्यावर. घरची मिसळ बऱ्याचदा नुसती उसळ-फरसाण लागते ती कट नीट जमला नाही म्हणून, त्यामुळं इथं कटावर सविस्तर लिहितोय, बाकीचं पटपट उरकू.

शनिवार सकाळ: मटकी भिजवा आणि मग खायला जा

घरातून निघायच्या आधी १ मोठी वाटी मटकी भरपूर पाण्यात भिजत टाका. ८ तासांनी, म्हणजे संध्याकाळी, उपसून सुती फडक्यात घट्ट बांधून ठेवली की रविवारी सकाळी मोड आलेले असतात. पावसाळ्यात नि थंडीत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा शुक्रवारी रात्रीच भिजवा.

आता बाहेरची मिसळ. प्लेट आली की लगेच सगळं कालवू नका, आधी नुसता कट चमच्यानं चाखा. वरची तर्री, म्हणजे तरंगणारं तिखट तेल, किती आणि कुठल्या रंगाची आहे, खालचा रस्सा पाण्यासारखा आहे का वाटणानं दाट झालाय, तिखट जिभेला लगेच लागतं का घास गिळल्यावर घशात जाणवतं, एवढं बघा. प्लेटच्या तळाशी काय आहे तेही चाळून बघा, कुठं पोहे असतात, कुठं बटाट्याची भाजी. जे आवडलं ते मोबाईलवर दोन ओळीत टाईप करून ठेवा, संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. मसाल्यात काय घालता हे मालकाला विचारत बसू नका, सांगणार नाहीत, आणि का सांगावं त्यांनी?

रविवार: उसळ

मोड आलेली मटकी हळद, हिंग, मीठ घालून साध्या पातेल्यात १०-१२ मिनिटं शिजवा. कुकर नको, लगेच गाळ होतो. दाणा बोटानं दाबला की दबला पाहिजे पण आकार राहिला पाहिजे. शिजवलेलं पाणी टाकू नका, ते कटात जाणार आहे.

वाटण

४ माणसांसाठी २ मध्यम कांदे, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, १०-१२ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर काड्यांसकट, चमचाभर तीळ. खडा मसाला बेतानं: ४ लवंगा, ६-७ मिरी, दालचिनीचा छोटा तुकडा, चमचाभर धणे, अर्धा चमचा जिरं. कांदा उभा चिरून थोड्या तेलात चांगला तांबूस, कडेला काळपट होईपर्यंत भाजायचा, इथं कंटाळा केला तर कट गोडसर होतो. खोबरं मात्र वेगळं आणि मंद गॅसवर, ते बघता बघता करपतं नि मग सगळ्या कटाला कडवट वास मारतो. बिस्किटासारखा रंग आला की ताटलीत काढा, गरम कढईत ठेवलं तर तिथंच काळं होतं. खडा मसाला आणि तीळ शेवटी जरा गरम करून घ्या, मग सगळं एकत्र अगदी बारीक वाटा. भरड राहिलं तर कट दाताखाली येतो.

कट

जाड बुडाच्या पातेल्यात ६ मोठे चमचे तेल. हो, ६. तेलात कंजूषी केली तर तर्री येणार नाही, मग डाएटवाल्यांनी वरची तर्री काढून खावं पण करताना तेल घालावं. वाटण टाकून ८-१० मिनिटं परता, कडेनं तेल सुटायला लागलं की गॅस एकदम बारीक करायचा आणि ३ मोठे चमचे कांदा-लसूण चटणी घालायची. मिरचीचा लाल रंग पाण्यात नाही, तेलात उतरतो, म्हणून चटणी नेहमी पाण्याच्या आधी तेलात पडली पाहिजे, पण अर्ध्या मिनिटाच्या वर नको, करपली की रंग काळपट आणि घरभर ठसका. लगेच मटकीचं पाणी आणि वरून उकळतं पाणी घाला, सगळं मिळून ६ वाट्या. मीठ, सुपारीएवढा गूळ, अर्धं झाकण ठेवून मंद आचेवर २० मिनिटं. तर्री आपोआप वर येते, ती थोडी वेगळ्या वाटीत काढून ठेवा म्हणजे शेवटच्या माणसालाही मिळेल.

चटणी घरची असली तर प्रश्नच नाही. उन्हाळ्यात रंगासाठी ब्याडगी नि तिखटासाठी संकेश्वरी मिरची वाळवून कांडपावरनं जी करून आणतो ती. नुसतं लाल तिखट घातलं तर ती चव येत नाही, कारण चटणीत कांदा, लसूण, खोबरं, खडा मसाला सगळं आधीच असतं. विकतची आणणार असाल तर थोडीच आणा आणि वास घेऊन आणा, लसणाचा वास आला नाही तर ती चटणी जुनी.

प्लेट लावताना

खाली उसळ, त्यावर शेव-चिवडा-फरसाण, बारीक कांदा, कोथिंबीर, आणि कट एकदम खायच्या वेळी, उकळता. लिंबू बाजूला. सोबत ब्रेडच्या स्लाईस, पाव पुण्या-मुंबईवाल्यांनी खावा. लहान मुलं किंवा तिखट न झेपणारे पाहुणे असतील तर शेजारी दह्याची वाटी ठेवा, तिखट लागल्यावर पाणी पिऊन काही होत नाही, मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, दह्या-दुधानं मात्र उतरतो.

कट उरला तर फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी त्यात उकडलेली अंडी किंवा बटाटे सोडले की चपातीबरोबर रात्रीचं जेवण झालं. उसळ मात्र वेगळ्या डब्यात ठेवा, कटात रात्रभर राहिली की पार मऊ पडते.