लेझर कॉलिमेटर आधी स्वतः सरळ आहे का ते बघा

न्यूटोनियनला (आरशांच्या दुर्बिणीला) आरसे जुळवायचा लेझर कॉलिमेटर लावला, दोन्ही आरसे नीट जुळवले, ठिपका बरोबर मध्यभागी, तरी ग्रह काही शार्प दिसेना. शंका लेझरवरच होती कारण फोकसरमध्ये (आयपीस बसवायच्या नळीत) तो नुसता फिरवला की मुख्य आरशावरचा ठिपका पण फिरायचा, आता हे फोकसरच्या ढिलेपणाने पण होतं म्हणून लेझर बाहेर काढला, फळीवर चार खिळे ठोकून व्ही आकाराचा आधार केला, त्यावर ठेवून हळूहळू गोल फिरवला आणि लांबच्या भिंतीवर बघितलं तर ठिपका चक्क वर्तुळ काढतोय! म्हणजे आतला डायोडच तिरका. बाजूला रबराच्या थराखाली तीन बारीक स्क्रू असतात, ते थोडे थोडे फिरवत वर्तुळाचा जवळपास बिंदू झाला तेव्हा थांबलो. कंटाळवाणं काम आहे पण होतं.

तरी मुख्य आरशासाठी मी आता चेशायरच (डोळ्याने बघून आरसे जुळवायची साधी नळी) वापरतो, त्यात बॅटरी नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही, फक्त आरशाच्या मध्यावर रिंग अचूक चिकटवलेली हवी. लेझरच हवा असेल तर पुढे बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावून रिंगची सावली जुळवा, मग लेझर जरासा तिरका असला तरी फरक पडत नाही. एफ/5 ला (एफ-आकडा म्हणजे फोकल लांबी भागिले आरशाचा व्यास) कोमामुक्त भाग, म्हणजे जिथे तारे शेपटीसारखे पसरत नाहीत तो, साधारण 2.8 मिमी, एफ/4 ला जेमतेम 1.4, म्हणून वेगवान (कमी एफ-आकड्याच्या) दुर्बिणीत जास्त काटेकोर राहा. शेवटी तारा मध्यभागी आणून थोडा डिफोकस करा, कडी एकाच केंद्राभोवती दिसली की झालं.