स्केल मॉडेल गाड्या: या चुका टाळा, आणि बरणीला हात लावू नका

गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता एका पोराने व्हॉट्सॅपवर फोटो टाकला. १/२४ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढी, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेली लाल गाडी, आणि बॉनेटवर सुरकुत्या. गार दुधावरची साय चमच्याने ढकलली की जशी गोळा होते, अगदी तशा. खाली एक ओळ: "काका, रंगाचा डबा खराब निघाला वाटतं."

डबा चांगला होता. मी विचारलं, खाली काय मारलंय? "इनॅमल." कधी? "काल रात्री. सकाळी हाताला लागत नव्हता." आणि वर? "गाड्यांच्या पेंटच्या दुकानातला लॅकर स्प्रे." झालं कल्याण. इनॅमल म्हणजे हळू पिकणारा तेलकट रंग, लॅकर म्हणजे जहाल थिनरचा, झपाट्याने सुकणारा. हा फोटो मला वर्षातून पाच-सहा वेळा येतो, फक्त बॉनेटचा रंग बदलतो. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी उत्तराऐवजी हेच पाठवीन.

हाताला लागत नाही म्हणजे सुकला नाही

केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलकडच्या माणसाला हे दोन मिनिटांत कळतं, बाकीच्यांना दोन तास लागतात. घाईने पिकवलेलं केळं वरून पिवळंधमक दिसतं आणि सोललं की आत कच्चं, तुरट निघतं. रंगाचंही तसंच. सुकणं वेगळं, पिकणं वेगळं. इनॅमलचा वरचा पापुद्रा एका रात्रीत बोटाला लागेनासा होतो, पण आतलं थिनर कित्येक दिवस बाहेर पडत असतं. अशा कच्च्या थरावर लॅकर मारला की त्यातलं जहाल थिनर खाली घुसतं, इनॅमल फुगतं आणि वर गोळा होतं. म्हणून क्रम एकच: लॅकर खाली, इनॅमल वर. उलटं करायचंच नाही. "पण मी पातळ हात मारला होता" असं सांगू नका, पातळ हातानेही सुरकुत्या पडलेल्या मी पाहिल्यात.

पिकलाय की नाही हे मी नाकाने बघतो. बॉडी नाकाशी धरायची. रंगाचा वास आला तर परत डब्यात. इनॅमलला मी सरसकट आठ दिवस देतो, उन्हाळा असो की हिवाळा. आठ दिवस थांबायची तयारी नसेल तर पाण्यातला ॲक्रिलिक वापरा. तोही नको असेल तर तयार डायकास्ट (धातूची ओतीव) गाडी विकत घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

सुरकुत्या पडल्याच, तर वरून पॉलिश पेपर घासून झाकायला जाऊ नका. सगळा रंग उतरवा. इनॅमलसाठी मी बॉडी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवतो, हातमोजे घालून जुन्या ब्रशने घासतो आणि मग भांड्याच्या साबणाने धुतो. एनसी थिनरने (लॅकरच्या जहाल थिनरने) पुसायचा शहाणपणा करू नका. त्याने रंगाबरोबर प्लॅस्टिकही विरघळतं. ते थिनर एअरब्रशचं (रंग फवारायच्या यंत्राचं) भांडं धुवायला ठेवा.

बरणीची गोष्ट

आता माझीच फजिती सांगतो, म्हणजे नुसतं पोरांना बोलतोय असं वाटायला नको.

सुरुवातीच्या दिवसांत एका युरोपियन ट्रकचं १/२४ चं किट जोडत होतो. केबिनला गडद निळा रंग मारला. महिना मे, जळगावात पारा पंचेचाळीसला टेकलेला. गच्चीवर वहिनींनी जुन्या साडीवर उडदाचे पापड घातले होते. पापड दोन तासांत कडक होतात, मग आपला रंग का नाही होणार, असा मी हिशेब केला. अडचण एकच होती, वावटळीची. ओल्या रंगावर धूळ बसली की संपलं. म्हणून लोणच्याची रिकामी काचेची मोठी बरणी आणली आणि केबिनवर पालथी घातली. फार हुशारी केली असं वाटलं. खाली येऊन आमरस-पोळी खाल्ली आणि झोपलो.

चारच्या सुमारास आजी पापड गोळा करायला वर गेली. तिथूनच हाक आली, "हाई काय शे रे भाऊ?"

जुन्या खाटेची सुतळी मधोमध सैल होते, तसं केबिनचं छत खाली आलं होतं. पुढचे दोन्ही खांब बाहेर फाकलेले. विंडशील्डची चौकट आता चौकट राहिली नव्हती. किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. ते पुरतं मऊ पडतं शंभर अंशांच्या आसपास, पण पातळ छत आणि बारीक खांब त्याच्या बरंच आधी वाकायला लागतात. सावलीत पंचेचाळीस, उन्हात तापलेला स्लॅब, त्यात गडद निळा रंग, आणि वर बंद काच. मी केबिन सुकवत नव्हतो, भरताचं वांगं भाजत होतो.

मग गरम पाण्यात बुडवून सरळ करायला गेलो, तर दरवाजेही वाकले. पापड मात्र फर्स्ट क्लास झाले होते.

तेव्हापासून रंगवलेली बॉडी घरातच ठेवतो. सावलीत, मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्याखाली, हवा खेळायला एका बाजूने काडी लावून. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या मागच्या काचेशी मॉडेल ठेवणं हीही बरणीच. स्कूटरच्या डिकीचंही तेच.

कूलर बंद करा

ही चूक खास आपल्याकडची. परदेशी व्हिडिओत कुणी सांगणार नाही, कारण त्यांच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घोंगावत नसतो. दुपारी कूलरसमोर बसून लॅकर मारला की चकाकी जाऊन वर पांढरट धुकं धरतं. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि कूलरने खोलीत भरलेला दमटपणा त्यावर बसतो. पावसाळ्यात तर कूलरशिवायही हे होतं. मग उन्हाळ्यात दुपारी कूलर बंद करून मारला तर दुसरं टोक: हवा इतकी कोरडी आणि तापलेली की थेंब बॉडीवर पोचायच्या आत वाळतो आणि हाताला रवाळ लागतं. मी उन्हाळ्यात सकाळी सहा ते साडेसात एवढ्याच वेळात रंग मारतो, तासभर आधी कूलर बंद करून. मिश्रणात थोडं रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रावण) घालतो. पांढरं धुकं धरलंच, तर रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा वरून मारला की बहुतेक वेळा ते निघून जातं.

बारीकसारीक, पण रोजच्या

पार्ट रनरवरून (ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला ते जोडून येतात तिच्यावरून) हाताने पिळून तोडू नका, निपर (कापायची छोटी पक्कड) घ्या. जोडायच्या आधी सगळे रनर भांड्याच्या साबणाने धुवा, साच्याचं तेल राहिलं की रंग धरत नाही. लाल प्लॅस्टिकवर थेट पांढरा मारला तर काही दिवसांत गाडी गुलाबी होते, खाली चंदेरी थर द्या. सुपरग्लूने काच चिकटवली की तिच्यावर पांढरी वाफ बसते, काचेला साधा फेव्हिकॉल. क्रोमवर प्लॅस्टिकचं सिमेंट धरत नाही, जोडाच्या जागी क्रोम खरवडा. डिकल (पाण्यात भिजवून लावायचं पातळ छापील चित्र) मॅट रंगावर लावलं की खाली हवा अडकून चंदेरी दिसतं, आधी ग्लॉस मारा. आणि डिकल भिजवायला बोअरचं पाणी घेऊ नका, आपल्याकडच्या जड पाण्याचे पांढरे डाग गडद रंगावर उठून दिसतात. गॅरेजवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणा, वर्षभर पुरते.

टायर काचेला भिडू देऊ नका

एकदा जुनं, न जोडलेलं किट हौसेने विकत घेतलं. खोका उघडला तर पुढच्या काचेवर टायरची नक्षी उमटलेली, शाईने छाप मारावा तशी. मऊ व्हिनाइल टायरमधलं प्लास्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू बाहेर पडतं आणि जे पॉलिस्टायरीन भिडेल ते खातं. उष्णतेत हे जास्तच वेगाने होतं, आणि आपण किटचे खोके ठेवतो कुठे? वरच्या मजल्यावर, लोखंडी कपाटावर. त्यामुळे नवीन खोका घरी आला की मी सूचना वाचायच्या आधी टायर वेगळ्या पिशवीत टाकतो. चाकावर टायर चढवताना रिमला नळावाल्याच्या टेफ्लॉन टेपचा एक वेढा देतो. बाहेरून दिसत नाही आणि रिमही वाचते.

ट्रक पहिल्यांदा नको

नवशिक्याला थेट ट्रकच हवा असतो. इटालेरी या इटालियन कंपनीच्या १/२४ च्या ट्रकचा खोका बघून मन फिरतं, मला कळतं. पण त्यात सुट्या भागांचा ढीग असतो, आणि पहिल्याच पानावर चासी, म्हणजे ट्रकचा खालचा सांगाडा. दोन लांब पट्ट्या, मध्ये आडवे तुकडे. घाई करणारा एक पट्टी घेऊन सगळे आडवे तुकडे चिकटवतो, मग दुसरी पट्टी ओढूनताणून बसवतो. चासीला पीळ बसतो आणि शेवटी ट्रक टेबलावर ठेवला की एक चाक हवेत. तेव्हा काही करता येत नाही. मी चासी देव्हाऱ्याच्या उरलेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर जोडतो, दोन्ही बाजूंना पुस्तकं लावून, आणि रात्रभर हलवत नाही.

आधी एखादी साधी गाडी करा, नाहीतर ट्रॅक्टर. एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीला सगळे विमानांसाठी ओळखतात, पण त्यांचं पहिलं किट होतं फर्ग्युसन ट्रॅक्टर, १९४९ चं. शेतकऱ्याच्या पोराला ट्रॅक्टरची कसली लाज?

धूळ कुठली, ते आधी ठरवा

ट्रक जुना दाखवायचा म्हणून जो तो नारिंगी गंज फासतो, कारण व्हिडिओत तसं केलेलं असतं. तो गंज समुद्राकाठच्या किंवा बर्फावर मीठ टाकणाऱ्या मुलखातला. सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे निघालेल्या ट्रकवर काय दिसतं ते एकदा उभं राहून बघा. चाकांच्या कमानीत काळ्या मातीचा चिखल, वाळून राखाडी झालेला. वर महामार्गाची फिकट धूळ. आणि फळ्यांच्या फटींतून खाली आलेले केळीच्या चिकाचे ओघळ, तपकिरी-काळे. शर्टावर पडला तर धोब्यालाही न निघणारा तो डाग. हे ओघळ मी पातळ केलेल्या गडद तपकिरी इनॅमलने बारीक ब्रशने ओढतो, नेहमी वरून खाली.

माती मी खरीच वापरतो, पण मलमलच्या फडक्यातून गाळून. खाली पडते ती पावडरच घ्यायची, फडक्यात उरते ती कुंडीत. १/२४ मध्ये एक मिलिमीटरचा खडा म्हणजे २४ मिलिमीटरचा दगड, चिखलात तो लगेच खोटा दिसतो. मालाचंही असंच. एकाने एम-सीलची केळी केली होती, सुंदर, पण एकेक केळं दोन सेंटिमीटरचं. म्हणजे खऱ्यात जवळजवळ अर्धा मीटर! १८ सेंटिमीटरचं केळं साडेसात मिलिमीटरचं होतं, ७२ सेंटिमीटरचा घड तीन सेंटिमीटरचा. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, भो.

मागच्या फळीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' घरच्या इंकजेटवर डिकलच्या कागदावर छापणार असाल, तर पाण्यात टाकायच्या आधी त्यावर क्लिअर (पारदर्शक थर) मारा. नाहीतर 'हॉर्न' वाटीत राहतं आणि 'प्लीज' बोटाला लागतं.

जमवणाऱ्यांसाठी थोडं

अमेरिकन किटं बहुतेक १/२५ ची, जपानी १/२४ ची. ४.८ मीटरची गाडी एकात १९२ मिलिमीटर, दुसऱ्यात २००. कपाटात शेजारी ठेवली तर कुणाला कळत नाही, पण एकाचं इंजिन दुसऱ्यात बसवायला गेलात की कळतं. जुनी डायकास्ट घेताना धातूला बारीक तडे किंवा फुगवटा दिसला तर सोडून द्या. जस्ताच्या मिश्रणात शिसं मिसळलं गेलं असेल तर ती गाडी कपाटात बसून आपोआप भुगा होते, आणि त्यावर इलाज नाही. भाव कितीही उतरला तरी घेऊ नका.

आणि कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर मांडू नका. लाल रंग सगळ्यात आधी फिका पडतो. माझ्याकडे त्या खिडकीला एकच काम आहे: जुन्या किटमधली पिवळी पडलेली डिकलं. पारदर्शक पिशवीत घालायची, काचेला आतून टेपने चिकटवायची, छापलेली बाजू बाहेर. आपल्या मे महिन्यात चार-पाच दिवसांत पांढरी होतात.