मजकुराच्या कॉलमला आकडे कसे द्यावेत: पुण्यातल्या फ्लॅटभाड्याचं उदाहरण

समजा, पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्याचा अंदाज सांगणारं मॉडेल बनवायचंय. शीटमधले दोन कॉलम मजकुराचे आहेत: भाग (औंध, कोथरूड, बाणेर, हडपसर) आणि फर्निशिंग (रिकामा, सेमी, फुल). सायकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग लायब्ररीतल्या बहुतेक मॉडेलना अक्षरं चालत नाहीत, आकडेच लागतात.

१. आधी साफसफाई. पांडाज या पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत दोन्ही कॉलमवर व्हॅल्यू-काउंट्स चालवा, म्हणजे कोणतं नाव किती वेळा आलंय ते दिसेल. ‘कोथरूड’ आणि ‘कोथरुड’ आपल्याला एकच, संगणकाला दोन. शब्दामागे चुकून राहिलेली स्पेससुद्धा नवा भाग वसवते.

२. क्रम आहे का ते बघा. फर्निशिंगला आहे: रिकामा ०, सेमी १, फुल २. इथे ऑर्डिनल-एन्कोडर (क्रमवार आकडे देणारं सायकिट-लर्नचं साधन) वापरा, पण ‘कॅटेगरीज’ या पर्यायात क्रम स्वतः लिहून द्या. नाही दिलात तर तो अक्षरांच्या युनिकोड क्रमानं जातो: फुल ०, रिकामा १, सेमी २. म्हणजे फुल फर्निश्ड फ्लॅट रिकाम्याच्याही खाली! एरर येत नाही, त्यामुळे ही गडबड खपून जाते.

३. भागांना क्रम नाही. औंध ०, कोथरूड १, बाणेर २, हडपसर ३ असं दिलंत, तर लिनिअर रिग्रेशन (सरळ रेषेनं अंदाज बांधणारं मॉडेल) औंधपासून हडपसरपर्यंत भाडं एकाच चढणीनं किंवा उतरणीनं नेईल. म्हणून वन-हॉट: प्रत्येक भागाला स्वतंत्र कॉलम, फ्लॅट त्या भागातला असेल तर १, नाहीतर ०. डिसिजन ट्रीच्या (एकामागून एक प्रश्नांच्या फांद्यांनी अंदाज बांधणाऱ्या) कुळातली मॉडेल साध्या आकड्यांवरही बऱ्यापैकी निभावतात.

पिनकोडही याच रांगेतला. कोथरूड ४११०३८, हडपसर ४११०२८. दिसतो आकडा, पण या दहाच्या फरकाला काही अर्थ नाही. मात्र पिनकोड खूप असतील तर कॉलमही तेवढेच होतील. तिथे टार्गेट-एन्कोडर बघा: तो प्रत्येक पिनकोडला तिथल्या सरासरी भाड्यावरून एकच आकडा देतो. सायकिट-लर्नमध्ये तो आवृत्ती १.३ पासून आहे.

अनेक ट्यूटोरियलांत या सगळ्यासाठी लेबल-एन्कोडर सर्रास वापरलेला दिसतो. तो खरं तर ज्याचा अंदाज बांधायचा त्या कॉलमसाठी आहे, उदाहरणार्थ ‘भाड्यानं गेला’ आणि ‘पडून आहे’.

४. फिट (एन्कोडरनं डेटावरून शिकणं) फक्त ट्रेनिंग डेटावर, म्हणजे मॉडेल ज्यावर शिकतं त्यावर; तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या टेस्ट डेटावर नुसतं ट्रान्सफॉर्म (शिकलेलं लागू करणं). एन्कोडर मॉडेलसोबतच जॉबलिब या पायथन लायब्ररीनं सेव्ह करा. उद्या वाघोलीचा फ्लॅट आला तर वन-हॉट एरर देऊन थांबेल. ‘हँडल-अननोन’ला ‘इग्नोर’ दिलंत तर चारही कॉलममध्ये ० येईल. पण लिनिअर रिग्रेशनसाठी औंधचा कॉलम वगळला असेल (बाकीच्या तिघांवरून तो कळतोच, म्हणून एक कॉलम वगळायची पद्धत आहे), तर वाघोली आणि औंध मॉडेलला एकसारखेच दिसतील. अशा वेळी कॉलम वगळू नका, रिज रिग्रेशन घ्या; लिनिअर रिग्रेशनच्या या प्रकाराला जादा कॉलम चालतो.