शहरी गॅसवाहिनीत हायड्रोजनच्या प्रतीचे निकष कसे ठरवावेत

निकष ठरवताना शुद्धतेच्या आकड्यापासून सुरुवात करू नये. वाहिनीच्या शेवटी तो वायू कोण वापरणार, याची यादी आधी करावी. पुण्यात या यादीत घरगुती शेगड्या, कारखान्यांतील भट्ट्या आणि सीएनजी पंप येतात, आणि मर्यादा ठरते ती त्यांतल्या सर्वांत नाजूक ग्राहकावरून. सीएनजी वाहनांच्या उच्च ताणबलाच्या पोलादी टाक्यांसाठी नैसर्गिक वायूत मिसळलेला हायड्रोजन 2 टक्क्यांच्या आत असावा लागतो, म्हणून ज्या वाहिनीवर पंप आहे तिच्यात याहून अधिक मिश्रण सोडू नये.

निव्वळ हायड्रोजनची वाहिनी असेल, तर हायड्रोजन इंधनाच्या आयएसओ 14687 या आंतरराष्ट्रीय मानकातील प्रती पाहाव्यात. ज्वलनासाठी 98 टक्के शुद्धता पुरते. वाहनातील इंधनघटाला (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलला) मात्र 99.97 टक्के लागते आणि गंधकाची मर्यादा दशलक्षात 0.004 भाग इतकी कडक असते. गळती कळावी म्हणून मिसळले जाणारे मर्कॅप्टन हे गंधकाचेच संयुग असल्याने गंधयुक्त वाहिनीतून ही प्रत मिळणे शक्य नाही. 2022 मध्ये पुण्यात सादर झालेल्या हायड्रोजन बससारख्या वाहनांसाठी शुद्धीकरण भरणा केंद्रावरच करावे, साऱ्या शहराच्या वाहिनीवर तो भार टाकू नये.

खरी कसोटी मिश्रणाच्या नियंत्रणात लागते. सकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी 5 टक्के होईल अशा स्थिर दराने हायड्रोजन सोडत राहिल्यास, मध्यरात्री नैसर्गिक वायूचा प्रवाह चौथाईवर येताच तेच प्रमाण 17 टक्क्यांपुढे जाते. म्हणून हायड्रोजनचा दर प्रवाहाशी जोडावा, मर्यादा ओलांडताच झडप आपोआप बंद व्हावी आणि मोजणी मिश्रण पूर्ण एकजीव झाल्यानंतरच्या जागी करावी. क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, नमुना वाहून नेणारा वायू हेलियम असेल, तर हेलियम आणि हायड्रोजन यांची उष्णतावाहकता जवळजवळ सारखी असल्याने हायड्रोजन नीट दिसत नाही. त्यासाठी आर्गॉन वापरावा. (यंत्र नवे आहे म्हणून हे तपासायचे राहू नये.)

शेवटी बिलाचा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तो तांत्रिक प्रश्नांइतकाच महत्त्वाचा आहे. मिथेनमध्ये 20 टक्के हायड्रोजन मिसळल्यास वॉब निर्देशांक (त्याच शेगडीतून वायू किती उष्णता देईल, याचे माप) सुमारे 5 टक्केच घटतो, त्यामुळे शेगडीच्या ज्योतीत फारसा फरक जाणवत नाही. पण प्रति घनमीटर उष्मांक सुमारे 14 टक्क्यांनी उतरतो. घनमीटरवर पैसे भरणाऱ्या ग्राहकाला तेवढीच उष्णता कमी मिळते, म्हणून मिश्रण सुरू करण्यापूर्वी आकारणी उष्मांकावर नेण्याची तरतूद निकषातच लिहावी.