पीएनजी बर्नर: हवा आणि गॅस कसे जुळवावेत

ज्योत निळी दिसते म्हणून बॉयलरचा पीएनजी (पाइपने येणारा नैसर्गिक वायू) बर्नर नीट जळतोय असं समजू नका. कार्बन मोनॉक्साइड (सीओ) शेकडो पीपीएमवर (दहा लाखांत इतके भाग) गेला तरी ती निळीच दिसू शकते. म्हणून अ‍ॅनालायझर (चिमणीतल्या वायूंतला ऑक्सिजन आणि सीओ मोजणारं यंत्र) असल्याशिवाय डॅम्परला (हवा कमी-जास्त करणारी झडप) हात लावायचा नाही, आणि हे काम बर्नरची माहिती असलेल्या माणसानेच करायचं.

बॉयलर रोजच्या प्रेशरवर आणा आणि स्टीम घेणारं मशीन चालू ठेवा, नाहीतर हाय फायरवर (पूर्ण आगीवर) रीडिंग घेण्याआधीच बर्नर कट होईल. अ‍ॅनालायझर मोकळ्या हवेत 20.9 टक्के ऑक्सिजन दाखवतोय ना, ते बघा. सर्वोच्या (डॅम्पर आणि गॅसचा वाल्व्ह फिरवणारी मोटर) आणि कॅमच्या (प्रत्येक पॉइंटला ते किती उघडायचं हे ठरवणारी, स्क्रूंवर बसलेली पट्टी) आहेत त्या पोझिशन लिहून ठेवा. गडबड झाली तर परतीची वाट तीच.

आधी हाय फायरवर गॅस ठरवा. ताशी 1 टन वाफेच्या (एफ अँड ए 100, म्हणजे 100 अंशांच्या पाण्याची 100 अंशांची वाफ) बॉयलरला ताशी साधारण 70 ते 75 घनमीटर गॅस लागतो. मीटर 300 मिलिबारवर असेल तर मीटरचा आकडा 1.3 ने गुणा. हे विसरलं की बर्नर ओव्हरफायर होतो, म्हणजे हवा त्यापेक्षा जास्त गॅस जाळतो. गॅस वाढवताना आधी हवा वाढवा, कमी करताना आधी गॅस कमी करा. उलट केलंत तर फर्नेसमध्ये न जळलेला गॅस साचतो.

मग हवा. डॅम्पर थोडा थोडा मिटा आणि प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं थांबा. ऑक्सिजन उतरत जातो, सीओ बराच वेळ जागचा हलत नाही, आणि मग एकदम उसळतो. तिथून हवा परत वाढवून ऑक्सिजन किमान एक टक्का वर घ्या. हाय फायरला बहुधा 3 टक्के ऑक्सिजन आणि 50 पीपीएमच्या आत सीओ मिळतो. लो फायरला (सगळ्यात कमी आगीला) 4 ते 5 टक्के ठेवा, कारण तिथे मिक्सिंग कमजोर असतं. मधले पॉइंटही याच पद्धतीने लावा. कॅमचा एकच स्क्रू खोल गेला आणि शेजारचे वर राहिले, तर पट्टीला खाच पडते आणि लोड बदलताना ज्योत तिथेच तुटते.

3 टक्के ऑक्सिजन म्हणजे सुमारे 15 टक्के जादा हवा. ती वाया जाते असं वाटतं, पण उन्हाळ्यासाठी ती लागते. नागपुरात जानेवारीच्या पहाटे 10 अंशांना ऑक्सिजन 2 टक्क्यांवर आणून ठेवला, तर जादा हवा जेमतेम साडेनऊ टक्के उरते. मे महिन्यात 40 अंशांना पंखा तेवढीच हवा ढकलतो, पण ती वजनाला 10 टक्के हलकी असते. जादा हवा जवळपास संपते आणि सीओ सुटतो.

ऑक्सिजन 6 टक्के असूनही सीओ जास्त येत असेल तर हवा वाढवू नका. डिफ्युझर (हवा आणि गॅस मिसळणारी चकती) कचऱ्याने बुजलाय का, ज्योत ट्यूबला घासतेय का, ते तपासा. चिमणीच्या सांध्यातून बाहेरची हवा आत येत असेल तर ऑक्सिजनचा आकडाच खोटा असतो.

शेवटी लॉकनट आवळा, त्यावर रंगाची खूण करा आणि बर्नर बंद करून दोनदा चालू करून बघा. पेटताना धप्प आवाज आला तर गॅस उशिरा पेट घेतोय. इलेक्ट्रोडमधलं अंतर आणि इग्निशन पोझिशनची हवा तपासल्याशिवाय बॉयलर प्रॉडक्शनला देऊ नका.