वेदनादायक आठवणी प्रार्थनेत कशा आणाव्यात

ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) कोणी जुने दुःख बोलून दाखवले की, मागच्या गोष्टी मागे टाकण्याविषयीचे प्रेषित पौलाचे बायबलमधील वचन (फिलिप्पै 3:13) त्याला हमखास ऐकवले जाते. मात्र त्याच अध्यायात, सात वचने आधी, आपण मंडळीचा छळ करत होतो असे पौल स्वतःच लिहितो. त्याची स्मृती पुसली गेली नव्हती. ती त्याला पुढे जाण्यापासून अडवत नव्हती, इतकेच. त्यामुळे आठवण जात नाही म्हणजे आपला विश्वास अपुरा आहे, हा ठपका आधी स्वतःवरून उतरवावा.

सुरुवात बायबलमधील 77व्या स्तोत्रापासून करावी. आसाफ या स्तोत्रकर्त्याच्या नावे असलेल्या या स्तोत्रातील माणूस रात्रभर हात पसरून प्रार्थना करतो, त्याला झोप येत नाही, देवाची आठवण झाली तरी तो कण्हतो आणि देव दया करायला विसरला की काय, असे उघड विचारतो. पहिली नऊ वचने सावकाश, शक्य असल्यास मोठ्याने वाचावीत आणि तेथे थांबून स्वतःची आठवण देवाला उद्देशून वहीत लिहावी: काय घडले, कोणी केले, त्या वेळी प्रभू कोठे होता असे वाटले. भाषा भक्तिपर करण्याचा मोह टाळावा, कारण आसाफानेही तो टाळला आहे. पुढे तो समुद्रातून वाट काढणाऱ्या देवाच्या जुन्या कृत्यांकडे वळतो. पण आपणही त्याच बैठकीत तेथवर पोहोचावे, अशी सक्ती नाही. 88वे स्तोत्र तर शेवटच्या शब्दापर्यंत अंधारातच राहते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

एका वेळी एकच आठवण घ्यावी, आणि आरंभी सर्वांत भयंकर आठवण घेऊ नये. शेवटी प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) म्हणून वही मिटावी व हाताला काही साधे काम द्यावे. अंग थरथरू लागले किंवा श्वास कोंडला, तर लिहिणे तिथेच थांबवावे; तेवढे सोसणे हा भक्तीचा भाग नव्हे.

त्यानंतर एखाद्या विश्वासू व्यक्तीला सांगावे. ती पाळक, धर्मगुरू किंवा मंडळीतील वडीलधारी भगिनी असू शकते. मात्र ऐकलेले स्वतःपाशी ठेवणारी हवी. कॅथलिक वाचकांनी एक भेद लक्षात ठेवावा: धर्मगुरूपुढे केलेले पापनिवेदन आपल्या पापांचे असते, दुसऱ्याने आपल्यावर केलेला अन्याय हे आपले पाप नव्हे. जखम ओली असताना मंडळीत सर्वांसमोर साक्ष देण्याचा, म्हणजे आपला अनुभव सांगण्याचा, आग्रह झाल्यास नम्रपणे नकार द्यावा.

क्षमेच्या बाबतीत मला भावांनीच गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाची कथा (उत्पत्ती 37 ते 50) सर्वांत प्रामाणिक वाटते. देवाने मला माझे कष्ट विसरायला लावले, असे सांगत तो थोरल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवतो; पण तेच भाऊ धान्यासाठी समोर येताच त्याला बाजूला जाऊन रडावे लागते. तो लगेच ओळख देत नाही. दुभाष्यामार्फत बोलतो, त्यांची परीक्षा घेतो, आणि धाकट्या बन्यामीनाच्या जागी स्वतः गुलाम होण्याची यहूदा या भावाची तयारी पाहिल्यावरच मोकळा होतो. म्हणजे सूड देवाच्या हाती सोपवणे आणि पुन्हा विश्वास टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आज करता आली तरी दुसरीसाठी समोरच्यातील बदल दिसावा लागतो. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार करणाऱ्याच्या घरी परत जाणे ही क्षमेची अट नाही, आणि पोलिसांत तक्रार केल्याने क्षमा रद्द होत नाही.

मृत्यूची किंवा अपघाताची तारीख जवळ आली की मन आधीच अस्वस्थ होते. त्या दिवसाची उपासना, सोबत आणि जेवण आधी ठरवून ठेवावे.

दुःस्वप्ने थांबत नसतील, प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा घडल्यासारखा उभा राहत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रार्थनेसोबत मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार घ्यावेत. भारतात टेली मानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठी दिवसरात्र उपलब्ध असतो.